रंगांच्या यादीतलं नाव

प्रिय अबोली,

हाताने लिहिलेलं पाकीट बघून हसली असशील. काय करू? फोनवर बोलायला लागले की सासूबाई भाजी निवडता निवडता कान देतात, आणि ऑफिसचा मेल आमच्याकडे कोणीही उघडतं. ऑफिस म्हणजे तरी काय, घराखालचा गाळा! जिना उतरले की नोकरी, जिना चढले की स्वयंपाक. तुझ्या खांदेश्वरच्या स्टुडिओत कामाला ये म्हणालीस, तेव्हा आमच्या नवरोबाने, केतनने, परस्परच सांगून टाकलं, घरचं ऑफिस असताना बाहेर कशाला? झालं, विषय संपला.

मग सासऱ्यांच्या बांधकामाच्या फर्मच्या नव्या टॉवरचं प्रेझेंटेशन माझ्या गळ्यात आलं. सगळं सोनेरी न् मरून हवं होतं. शी! मी गुपचूप सॉफ्टवेअरमधले तयार रंग बाजूला सारले आणि स्वतःचे बसवले. मिठाचा मळकट पांढरा, खाडीच्या गाळाचा काळपट, तिवराच्या पानाचा हिरवा. सेव्ह करताना त्या रंगसंचाला नाव विचारलं, मी 'सुचिता' टाकलं. अगं, फाईल उघडली की रंगांच्या यादीत सगळ्यात वर माझं नाव! वेड्यासारखी बघत बसायचे. एरवी पाटीवर, कार्डावर, ब्रोशरवर कुठे आहे मी?

सासऱ्यांनी पडद्यावर ते बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, यो तं आपल्या मिठागराचा रंग हाय. तरुणपण तिथेच गेलंय त्यांचं, डोळे भरून आले. मलाही भरून आलं. वाटलं, आता विचारतील, कोणी केलं?

नाही विचारलं. केतनला म्हणाले, आता सगल्या कामाला हेच रंग ठेव. दुसऱ्या दिवशी फाईल उघडली, तर यादीत माझ्या नावाच्या जागी फर्मचं नाव. केतनने बदललं होतं. विचारलं तर म्हणाला, घरातलंच आहे ना सगळं, त्यात तुझं काय वेगळं? चिडलाही नव्हता गं, प्रेमाने म्हणाला. तेच जास्त लागलं. भांडायचं तरी कोणाशी?

अबोली, ती जागा अजून रिकामी असेल तर मला हवी आहे. केतनला कसं सांगणार, माहीत नाही, भीती वाटते. आधी तुझं हो येऊ दे. फक्त उत्तर इथे पाठवू नकोस, माझ्या आईला फोन कर. इथे आलेलं पाकीट, वर माझं नाव असलं तरी, केतनच उघडतो.

तुझीच, अजून तरी ह्याच नावाची,
सुचिता