कृणालने फॉर्मवर ‘हो’ लिहिलं

नाहूर, १२ सप्टेंबर

ती. आईस नेत्राचा वाकून नमस्कार.

तुझ्या नातवाचं, आपल्या कृणालचं मेडिकलचं ॲडमिशन पक्कं झालं! बाबांना हे मोठ्याने वाचून दाखव.

आता तुला न कळवलेलं सांगते. कॉलेजच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का?’ दोन वर्षांपूर्वी लायसन्स नसताना मित्राची बाईक चालवून याने भाजीवाल्या मावशींना धडक दिली आणि कोर्टाने दंड केला, ते याने सगळं लिहिलं. आधी घाबरून पळालो होतो, हेसुद्धा.

मग कॉलेजने चौकशीला बोलावलं. आठ दिवस पोरगा धड जेवला नाही. आता जेवतो, काळजी करू नकोस.

चौकशीच्या दिवशी मी बाहेर बाकावर होते, पण दार उघडं होतं. मॅडमनी विचारलं, “पळालास हे कोणी विचारलं नव्हतं. का लिहिलंस?”

“खरं आहे म्हणून. मावशींचा हात अजून पूर्ण वर जात नाही, मॅडम. दर रविवारी त्यांची भाजी टेम्पोतून मीच उतरवतो.”

आई, मला वाटायचं रविवारी तो क्लासला जातो!

बाबांचा गुडघा कसा आहे? तेल लावतात ना?

आणखी एक. ‘फॉर्मवर “नाही” लिही, कोणाला कळणार आहे?’ असं त्याला मीच सांगितलं होतं. तो तुला हे कधीच सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय.

तुझी,
नेत्रा