बटाटा बंद

३ मार्च
बाबांना काल हॉस्पिटलमधून थेट आमच्याकडे आणलं. ताई म्हणत होती, माझ्याकडे येऊ दे, तुला जमायचं नाही. वडील सांभाळण्याचा मक्ता जणू तिच्याकडेच! या खेपेला बाबा कायमचे इथेच राहतील, त्यांचा पलंगही आणून लावला आहे. रक्ताची गुठळी झाली होती, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली आहे आणि जेवणात एकदम बदल करू नका, असं बजावलं आहे. बाबांचं जेवण म्हणजे बटाटा. उकडलेला, तळलेला, कसाही. आजपासून बंद.

४ मार्च
ऑफिसात लंच टाइममध्ये बटाटा आणि पालकाची तुलना केली. अन्याय नको म्हणून आधी बटाट्याची बाजू घेतली : ताकद देतो, पोटॅशियम आहे, थोडं व्हिटॅमिन सीसुद्धा. मग पालक : लोह, कॅल्शियम, फायबर, व्हिटॅमिन ए, सी, के. निकाल उघड आहे. के कशासाठी असतं ते वाचायचं राहिलं. लंच टाइम संपला.

६ मार्च
एकदम बदल नको, म्हणून विभागून केला. दुपारी पालक, रात्री पालक. बाबा म्हणाले, मला घरी आणलंस की गोठ्यात? विनोदबुद्धी परतली. गुण येतोय.

९ मार्च
बायको म्हणाली, एवढी मोठी जुडी शिजवली की मूठभर होते, त्यावर म्हाताऱ्या माणसानं जगायचं कसं? शंभर ग्रॅम पालकात किती लोह, किती कॅल्शियम, हा हिशेब तिला समजावला. ती म्हणाली, शंभर ग्रॅम कच्च्याचे की शिजलेल्याचे? प्रश्न रास्त होता. म्हणून विषय बदलला. उद्यापासून दोन जुड्या.

१२ मार्च
बाबांच्या उशीखाली उकडलेला बटाटा सापडला. सोबत मिठाची पुडी. कुणी दिला ते सांगेनात. बायको पाठमोरी भांडी घासत राहिली. बाबा म्हणाले, या वयात चोरी करायला लावलीस. लागलं मनाला. हे मी त्यांच्यासाठी करतोय की ताईला दाखवायला? प्रामाणिकपणे विचार केला. निदान सत्तर टक्के त्यांच्यासाठी. बटाटा जप्त केला. वाया जाऊ नये म्हणून खाल्ला. चांगला शिजला होता.

१६ मार्च
रक्त तपासलं. हवं तेवढं पातळ राहिलेलं नाही, पुन्हा गुठळी होण्याचा धोका आहे. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय बदललं? मी उत्साहानं सगळं सांगितलं. ते म्हणाले, पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या गोळीच्या विरुद्ध काम करतं. पालेभाजी खावी, पण रोज सारखी आणि बेतानं. अशी टोपलीभर सुरू करायची नाही. बटाट्यानं तुमचं काय घोडं मारलं होतं? बाबा म्हणाले, शिकलेला आहे हो आमचा.
म्हणजे पालेभाजी औषधालाही भारी पडते. मुद्दा माझाच खरा ठरला. फक्त प्रमाण चुकलं.

१७ मार्च
ताई गाडी घेऊन दारात. बायकोनं कळवलं असणार. मी म्हटलं, आता प्रमाण कळलंय, एक आठवडा दे. ताई म्हणाली, वडील आहेत ते आपले, तुझ्या प्रयोगाचा उंदीर नव्हे. निर्णय बाबांवर सोडू या, असं मी सुचवलं. आम्ही दोघं वळलो, तर बाबा चपला घालून उभे.

२५ मार्च
ताईचा फोन. बाबांचा रिपोर्ट चांगला आला. ती बटाटा देते, जोडीला थोडी पालेभाजी. मी अगदी हेच करणार होतो. बाबांना फोन दे म्हटलं, तर जेवताहेत. नंतर केला, तर झोपलेत. मग तिचाच मेसेज : बाबा म्हणताहेत, त्यांचा पलंग पाठवून दे.

२६ मार्च
पलंग सुटा करून खाली नेला. टेम्पोवाल्यानं विचारलं, घर बदलताय का साहेब? म्हटलं, मी नाही. वडील.