दाराबाहेरची खुर्ची

लालबाग, बऱ्हाणपूर
१२ जानेवारी २०२५

ती. प्रतिभाताईंस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलता येत नाही, हे शेजारीच असतात, म्हणून पत्र. सोबत मावा जलेबी पाठवणार होते, पण नाशिकपर्यंत मुंग्यांनीच ताव मारला असता.

तुमच्याकडून शिकून आल्यावर ह्यांनी काढलेलं तंत्र-उपचाराचं केंद्र बरं चाललंय. श्वास, मंत्र, मालिश. लांबून माणसं येतात. कुरबुर एकच. तुमची जसोंडीची मैत्रीण कोकिळाताई ऑपरेशननंतर अंग आखडतं म्हणून आली होती. फॉर्मवर तिच्या नवऱ्याने, धर्मेंद्रभाऊंनी सही केली आणि ते कामाला गेले. ती मधेच रडत बाहेर आली, चप्पल न घालताच निघाली. आता तक्रार करणार म्हणते. हे म्हणतात, थेरपी में ऐसाच होता है, दबलेलं बाहेर पडतं. ती तुमचं ऐकते. दोन शब्द समजावून सांगा ना. अब्रू तुमच्याही माहेरची आहे.

लोभ आहेच, तो ह्या घरावर राहू द्या.
आपली,
ज्योत्स्ना

नाशिक
१९ जानेवारी

चि. सौ. ज्योत्स्नास,
अ. उ. आ.

कोकिळाशी बोलले. समजवायला नाही, विचारायला. निरंजनचा हात कमरेखाली गेला तेव्हा ती बस म्हणाली. तो म्हणाला, भाऊंनी सही केलीय. ती पुन्हा बस म्हणाली. सही नवऱ्याची आणि अंग तिचं, हा कुठला न्याय?

दोन वर्षं मी त्याला काय शिकवलं? आधी तिलाच विचारायचं. हात कुठे लागेल ते सांगायचं. कपडे अंगावर राहतात, लाजेच्या जागी हात जात नाही, आणि बस म्हटलं की हात उचलायचा. हे मोडलं तर तो उपचार नाही, तंत्राच्या नावाखाली केलेली हरामखोरी आहे. धाकटा भाऊ आहे, पण शब्द तोच.

दाराबाहेर तुझी खुर्ची मीच ठेवायला लावली होती. आतून बस ऐकू आलं तर तू दार उघडायचं, एवढ्यासाठी. तुला ऐकू आलं होतं का? तेवढंच कळव. माहेरच्या अब्रूचं मी बघते.

आशीर्वाद आहेत, रागही आहे.
प्रतिभा

लालबाग
२६ जानेवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा. मी मेथी निवडत होते, निवडत राहिले.

शिकून आल्यावर हे आधी माझ्यावरच सराव करायचे. मीही बस म्हणायचे. हे हसून म्हणायचे, बायकोला काय विचारायचं. तेव्हा बाहेरच्या खुर्चीवर कोणी नव्हतं. पुढे मी म्हणणंच सोडलं. कोकिळाताईचा आवाज ऐकून वाटलं, तीही सोडेल. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

उद्या जसोंडीला जाते. ऐकलं होतं, असं तिच्या तक्रारीत लिहून देईन. ह्यांना सांगितलेलं नाही. ती मला दार उघडेल की नाही, कोण जाणे. मी उघडलं नव्हतं.

लोभ मागायला तोंड नाही. राग ओसरल्यावर उरला, तर असू द्या.
ज्योत्स्ना