बादलीतली मरळ

चिंचटोला,
९ सप्टेंबर, मंगळवार

चिरंजीव भूपेश यास गोकुळा आजीचा आशीर्वाद.

इथी सारे बरे आहोत, माझे गुडघे सोडून. ते माझं ऐकत नाईत, तुझ्यासारखेच. बकरीले दोन पिल्लं झाली. अक्षर ओळखलंच असशील, रशिदाचं आहे. तुझ्या पहिल्या वहीत हिनंच अ-आ काढून दिलं होतं. वहाबचा मासोळीचा टेम्पो जाळला त्या दिवसापासून दोघं नवरा-बायको माझ्याच घरी आहेत. ज्याले बोलाचं असन त्यानं माझ्या तोंडावर बोला, म्हटलं. अजून कोणी आलं नाई.

फोन काऊन नाई केला, म्हणशील. फोन तुझा भाऊ अमर लावून देते अन् बाजूलेच उभा राह्यते.

ऐकलं, तू एटापल्लीले बदली मागितली. तिथून बाहेर पडाले लोक नवस बोलतात, अन् माझा गुन्हे शाखेचा साहेब तिकडे जाले अर्ज करून राह्यला! वाघाले भिऊन कोणी जंगलात लपते का रे?

मासेमार सोसायटीचे अध्यक्ष गुणवंतराव आले होते. "काकी, भूपेशले सांगा, पोरगा आपला हाय. तपासात आपल्या मानसायकडं पाह्यलं पायजे."

"आपला म्हंजे कोनाचा?" मी म्हटलं. "त्याले साप डसला तवा तुमी बैलं शोधून राह्यले होते. वहाबनं त्याले बर्फाच्या पेटीवर निजवून टेम्पोतून दवाखान्यात नेलं. त्या पोरात अर्धा हिस्सा वहाबचा."

चहा अर्धा टाकून गेले. साखर चांगली दोन चमचे टाकली होती.

आता तलावात मेलेल्या मासोळीचं. सोसायटीनं यंदा तलाव दुसऱ्या व्यापाऱ्याले दिला, त्या रागानं वहाबच्या पोरानं, वाजिदनं जहर टाकलं, असं गाव म्हणते. आदल्या संध्याकाळी तो तलावाच्या पाळीवर दिसला, एवढ्यावर तू त्याले आत बसवलं. अन् आता प्रयोगशाळेच्या कागदाची वाट पाहून राह्यला. ढिवराच्या पोरा, तुले कागद पायजे? जहर पडलं की झिंगे आधी मरतात, खेकडे पाण्याबाहेर पळतात, मग लहान-मोठं सारंच उलटं होते. आपल्या तलावात मेले ते मोठे रोहू अन् कतले. मरळ? चिखलात हात घातला तं मलेच चावाले आली. चार दिवस आभाळ, ऊन नाई, वारा नाई. पाण्याचा दम कोंडला. मरळ वर येऊन हवा गिळते, म्हणून वाचली. हे तुझ्या बापाले माहीत होतं, गुणवंतरावले माहीत आहे, तुलेही माहीत आहे.

मग जहर-जहर कोणी केलं?

लिही रशिदा, थांबू नको.

मी केलं. सकाळी पाळीवर गेली, पांढरी पोटं पाह्यली अन् छाती बडवून ओरडली, "कोनं जहर टाकलं वो!" चिखलात हात घालायच्या आधी तोंड उघडलं. सत्तर वर्षं पाण्यात काढली अन् अशी चूक. मासोळीच्या गोष्टीत गाव माझा शब्द शेवटचा मानते. दुपारी हात घातला, मरळ सापडली, तोवर टेम्पो जळून गेला होता. आता तिकडे त्यांची पोरं दगड जमवून राह्यली, इकडे आपली. एका म्हातारीच्या बोंबेवर.

टेम्पो कोणी जाळला, ते तू मले विचारलं नाई. जेवाले आला त्या दिवशी अमरच्या हाताले फडकं होतं. तू एकदा पाह्यलं, अन् चवळीची भाजी पुन्हा मागितली. जन्मात तू चवळी खाल्ली नाई रे. त्या दिवशी तीनदा घेतली. मी वाढत होती, मोजत होती.

इथी रशिदाचा पेन थांबला. म्हणते, "काकी, अमरचं नाव राहू द्या." तिचा पोरगा आत, अन् ही माझ्या नातवाले झाकून राह्यली! म्हटलं, बाई, तुझी माया तुझ्यापाशी ठेव. लिही, अमर.

काल अमरले सारं सांगितलं. "आजी, तू माही का त्यायची?" म्हणाला. मी म्हटलं, "तुहीच, म्हनून तं तुह्या संगं ठाण्यात येते." जेवला नाई. पण पळालाही नाई.

सख्ख्या भावाचं नाव लिहाले तुझा हात जड होते, समजते मले. तू नको काढू. मी बोलते, तू लिहून घे. तुझा भाऊ म्हणून तपास दुसऱ्याले दिला, तं त्याच्यापुढंही हेच बोलीन.

आरोपीच्या मायनं लिहिलेलं पत्र, असं तुझे साहेब म्हणतील. म्हणून शुक्रवारी पहिल्या बसनं मीच येते. एका हाताले अमर, दुसऱ्या हातात बादली. बादलीत आपल्या तलावातली मरळ, जित्ती. हवालदाराले सांगून ठेव, झाकण उघडू नको, चावते. तेवढ्यानं भागत नसन तं पंचायले तलावात उतरव. चिखलात सारे साक्षीदार बसले आहेत.

एटापल्लीचा अर्ज फाडून टाक. अन् मी आल्यावर पाया पडाले उठू नको. आधी बयान, मग आशीर्वाद.

डब्यात चवळी आणते. खा लागन.

तुझी अन् अमरची, दोघायचीही,
गोकुळा आजी

(डावा अंगठा. शाई रशिदानं लावली, दाबला मी.)