शपथेतली तिसरी ओळ

इंदापूर,
ता. ९ जानेवारी १९५५

तीर्थरूप आबांना चंद्राचा नमस्कार.

तुमचं कार्ड येऊन दहा दिवस झाले. जाऊबाईंच्या गुडघ्याचं वाचलं. जोतीरामाबरोबर धाडलेली काकवी पोचली. इकडे थंडी फार आहे. मी बरी आहे.

शाळेत ह्यांच्या नावाची फरशी बसवायची आणि तिच्यावर ह्यांनीच लिहिलेली शपथ कोरायची, असं तुम्ही थोरल्या भावाच्या मायेनं ठरवलंत. सव्वीस तारखेच्या आत मजकूर हवा म्हणालात. चार ओळी उतरवायला दहा दिवस लागत नाहीत. दोनदा बसले आणि उठले. आत्ताही चुलीवरचा भात बघायचं निमित्त करून उठून आले.

मुली शपथ म्हणत नाहीत, आबा.

तीन तारखेला झेंड्यापुढे सातवीचा वर्ग तिसऱ्या ओळीला गप्प झाला. आधी महारवाड्यातली सारजा, मग तिच्या शेजारची बागायतदारांची रतन, मग सगळ्याच. ह्यांच्या जागी आलेले नवे हेडमास्तर म्हणाले, हा देशाचा अपमान आहे, सव्वीस तारखेला म्हटली नाही तर अकराही जणींची नावं पटावरून काढतो. समजूत घालायचं माझ्याकडे आलं. मी त्यांची बाई, आणि शपथ ह्यांची.

मला राग आला होता. ह्यांना जाऊन अजून वर्ष झालं नाही. सकाळी त्या ओळी ऐकल्या की हे व्हरांड्यात उभे आहेत असं वाटायचं. तेवढंच उरलं होतं.

काल वर्गात विचारलं, हे कोणी शिकवलं? सारजा उठली. "कुणी न्हाय शिकवलं. ती वळ खोटी हाय, बाई."

ओळ अशी आहे: आम्ही सर्वजणी एका माठाचे पाणी पिऊ.

माठ एकच आहे. पण सारजा आणि तिच्या वाड्यातल्या मुली खाली ओंजळ धरतात आणि त्यांना वरून पाणी ओततात. ओतणारी मी आहे. सात वर्षं मीच ओतते. माझं पाणी मी घरून तांब्यात नेते. हे शपथ लिहीत होते तेव्हाही मीच ओतत होते. हे खिडकीतून बघायचे. एकदा जेवताना म्हणाले, "तुझा हात फार उंच असतो." मी वाढत राहिले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

रतन चावट आहे. म्हणाली, बाईंचा हात दुखत असंल, तो खाली येईतवर आमी गप बसतो. वर्ग हसला. सारजा हसली नाही. तिनं जाऊन माठात स्वतःच्या हातानं पेला बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

"प्या. मग समद्या म्हनू."

मी म्हणाले, आज माझा उपास आहे.

"उपासाला पानी चालतंय, बाई." हळू म्हणाली. उद्धटपणा नव्हता. मी विसरले असेन आणि आठवण करून द्यावी, तसं.

पेला टेबलावर ठेवून ती जागेवर जाऊन बसली. तास संपेपर्यंत तो तिथंच होता. मी तशीच घरी आले. कालपासून एका जागी बसवत नाही.

आता फरशीचं. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ या कागदाच्या मागच्या बाजूला उतरवली आहे. तिसरी कोरू देऊ नका. पण तिची जागा सोडायला पाथरवटाला बजावून सांगा. तिथं काय कोरायचं ते मुलींना विचारून कळवीन. लोक विचारतील, तेव्हा माझं नाव सांगा. ह्यांचं सांगू नका.

हे असते तर ह्यांना यातलं काही सांगितलं नसतं. तुम्हाला तरी का लिहिलं, कळत नाही.

उद्या सोमवार. शाळेत जाताना तांब्या नेणार नाही. दुपारपर्यंत तहान लागेलच.

तुमची भावजय,
चंद्रा