एका गावात दोन सात

१२ नोव्हें. २००६, अकोला
मोतीबिंदू शिबिरात पेशंटच्या नोंदणीचा प्रोग्राम लिहायचं काम मिळालं, चांदूर बाजारला. जठारपेठेतला माझा कॉम्प्युटर क्लास तोवर अब्बा सांभाळणार. पेशंट गावागावांहून गाडीने येतील, म्हणून प्रत्येक गावाच्या पेशंटचे क्रमांक वेगळे, एकपासून. त्या गावातला सर्वांत मोठा आकडा शोधायचा, एक मिळवायचा. एका ओळीत झालं. मजा आली.

१९ नोव्हें., चांदूर बाजार
सुरुवात धडाक्यात. दोन कॉम्प्युटर, फाइल एकच. एकावर मी, दुसऱ्यावर दवाखान्यातल्या वंदनाताई. म्हाताऱ्यांना आपलं गाव आणि छोटासा आकडा पटकन पाठ. डॉ. खूश.

२० नोव्हें.
ऑपरेशनच्या दाराशी सिस्टरने "पिंपळखेड सात" पुकारलं, तर दोघी उठल्या. गंगूबाई आणि कासाबाई. भिंगाची चिठ्ठीही क्रमांकावरच. सिस्टरने नाव विचारलं म्हणून, नाहीतर एकीचं भिंग दुसरीच्या डोळ्यात...

कारण लगेच कळलं. फॉर्म उघडताच क्रमांक मिळत होता. आम्ही दोघींनी एकदमच उघडले. शेवटचा सहा, म्हणून दोन्हीकडे सात.

डॉ. म्हणाले, बंद करा हे, उद्यापासून हातानेच लिहा. संध्याकाळपर्यंत वेळ मागितला. दिला. गंगूबाई मात्र उठून थेट गावच्या गाडीत बसली.

संध्याकाळी: क्रमांक आता नोंद सेव्ह होतानाच पडतो. गाव आणि क्रमांकाची जोडी दुसऱ्यांदा आली तर नोंदींचं टेबलच ती घेत नाही, पुढचा आकडा देतं. वं. ताई आणि मी मुद्दाम एकदम बटण दाबत बसलो. एकदाही जुळला नाही. आता छातीठोक सांगते.

२१ नोव्हें.
डॉ.नी स्वतः दाबून पाहिलं. समाधान. कासाबाईला नवा क्रमांक, नवी चिठ्ठी, ऑपरेशन नीट झालं. गंगूबाईची नोंद काढा, खालचे वर सरकवा म्हणाले. नाही म्हटलं. चिठ्ठ्या वाटून झाल्यात, आकडे सरकले की सगळ्यांचीच भिंगं सरकतील. पटलं त्यांना.

२२ नोव्हें.
वं. ताईंना घेऊन पिंपळखेडला गेले. गंगूबाई शेतात, बोंडं चाचपत कापूस वेचत होती. काय चुकलं, काय बदललं, सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.
"मंग आता दोघीले एक नंबर भेटत नाई?"
"नाही आजी. मशीनच घेत नाही."
"एक डोया आंधीच गेला, पोरी. हा एकच राह्यला. कोनाच्या भरोश्यावर देऊ?"
माझ्या, म्हणाले. ती वेचतच राहिली. मला वाटतं येईल.

२३ नोव्हें.
शेवटचा दिवस. डॉ.नी दुपारची एक जागा राखून ठेवलीय. पिंपळखेडला सरपंचाच्या घरी फोन केला. गाडी निघाली म्हणे. गंगूबाई बसली का विचारलं. बायांनी डोक्यावरून पदर घेतलेले, कोण कोण होतं ते पाह्यलं नाही, म्हणाले. सिस्टरने तिचं भिंग काढून ठेवलंय.
हॉर्न वाजला. फाटकाशी जाते.