बेळगावचे दर

फणसवाडी, गिरगाव
४ जानेवारी २०२५

चि. सौ. उर्मिलेस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या कुंद्याच्या डब्याबद्दल रीतसर तक्रार नोंदवतो. एक कोपरा वाटेतच कोणी तरी खाल्ला आहे. संशय तुझ्या यजमानांवर. पण जावयावर खटला भरण्याचा प्रघात आपल्या घरात नाही.

भाऊ ठणठणीत आहेत, हीच अडचण. चाळीस वर्षे व्यायामशाळेत लाठी शिकवली. आता पोटच्या मुलांची नावे विसरले, हात मात्र काही विसरले नाहीत. त्यांना सांभाळायला ठेवलेल्या कुशाबाचे मनगट सोमवारी एका फटक्यात मोडले. वर कुशाबाच म्हणतो, म्हातारा एकदम फिट आहे, साहेब. काठी लपवली की भाऊ छत्री घेतात, छत्री लपवली की लाटणे. एजन्सीने मारकुट्या रुग्णाचा दर बत्तीसवरून अडतीस हजारांवर नेला आहे. तुमच्या कर्नाटकात काय भाव आहे, जरा बघून कळव.

तुझा दादा,
कमलाकांत


बेळगाव
११ जानेवारी २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

कुंदा मी खाल्ला. ह्यांना सोड.

एक वृद्धाश्रम पाहून आले. महिना एकोणीस हजार, जेवणखाणासकट. तुमच्या बरोबर निम्मे. वडील मारतात असे सांगितल्यावर तिथल्या बाई हसून म्हणाल्या, तसल्यांना आम्ही बांधतो, त्याचे जादा घेत नाही. एक आजोबा तसे बांधलेले पाहिले. मनगटाची कातडी सोललेली, तिच्यावर माश्या. त्या हाकलता येत नाहीत म्हणून ते नुसते फुंकर मारत होते. मी घरी येऊन जेवले नाही.

दादा, भाऊंचा नियम आठवतो? समोरच्याने सलामी दिली की काठी खाली. रडू आले की आपण पटकन काठी कपाळाला लावायचो आणि सुटायचो. देऊन बघ ना. रश्मीवहिनीला नमस्कार.

तुझी,
उर्मी


फणसवाडी
१ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. उर्मीस आशीर्वाद.

हे फोनवर सांगता येणार नाही, म्हणून लिहितो.

तुझा उपाय लागू पडला. पन्नाशी उलटलेला संस्कृतचा मास्तर रोज सकाळी लाटणे कपाळाला लावून उभा. शेजारच्या जगदीशने विचारले, काय रे, परेड कुठे आहे? भाऊ मात्र काठी उतरवायचे आणि निमूट चहा घ्यायचे. प्लास्टरसकट कामावर आलेला कुशाबाही सलामी शिकला. तेरा दिवस एक फटका नाही.

मंगळवारी रश्मी पाठमोरी दूध तापवत होती. तिला सलामी द्यायला वेळच मिळाला नाही. वळली तोच भुवई फुटली, पाच टाके, दुधात रक्त. मी भाऊंची काठी हिसकावली आणि त्यांना मारले. एकदा नव्हे. तिसऱ्या फटक्याला ते भिंतीला टेकले आणि रिकामा हात कपाळाशी नेऊन त्यांनी मला सलामी दिली.

त्यानंतरही मी मारले.

बेळगावची जागा धरून ठेव. तिथे बांधतात, ते विसरलेलो नाही. लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी ठेव. रश्मी माटुंग्याला माहेरी गेली आहे. उद्या रविवार, कुशाबाची सुट्टी. घरात भाऊ आणि मी. मला माझी भीती वाटते.

कमलाकांत